‘लोणी’ शब्दाचा अर्थ आणि उगम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध-दुभत्याच्या शब्दांबद्दल मराठवाड्यातल्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. मुख्य शब्द ‘लोणी’. पण लोणी म्हटलं की ताक, तूप, रवी आणि डेरा मागोमाग येतात, त्यामुळे त्यांचीही उत्तरं दिली आहेत. ज्या शब्दाला सांगण्यासारखं जास्त आहे तिथं उत्तर लांबलं आहे.

‘लोणी’ हा शब्द कुठून आला?

संस्कृतातल्या ‘नवनीत’ या शब्दापासून. संस्कृतातून थेट मराठीत मात्र तो उतरलेला नाही, मधे प्राकृतचा टप्पा आहे. पालीत ‘नवनीत’ आणि ‘नोनीत’ अशी दोन्ही रूपं सापडतात. प्राकृतात ‘नवणीअ’, ‘णोणीअ’ अशी रूपं झाली आणि तिथून मराठीत ‘लोणी’ आलं. गोव्या-कोकणात कोकणी बोलणारेही ‘लोणी’च म्हणतात. नेपाळीत ‘नौनी’, बंगालीत ‘ननी’, उत्तरेकडच्या बोलींत ‘नैनू’ आणि ‘लौनी’. ही सगळी एकाच घरातली भावंडं.

‘नवनीत’चं ‘लोणी’ एवढं बदललं कसं? ओळखूही येत नाही.

तीन बदल झाले, आणि तिन्ही मराठीला नेहमीचे आहेत.

‘नव’मधल्या ‘अव’चा ‘ओ’ झाला. ‘लवण’चं ‘लोण’ होतं तसंच हे. शेवटच्या ‘ईत’मधला ‘त’ प्राकृतात गळला, ‘ईअ’ उरला आणि मराठीत त्याची नुसती ‘ई’ झाली. ‘पानीय’चं ‘पाणी’ झालं तेव्हाही शेवट असाच आखडला होता.

तिसरा बदल सुरुवातीच्या ‘न’चा. एका शब्दात दोन अनुनासिक, म्हणजे नाकातून उच्चारायचे, वर्ण जवळजवळ आले की त्यातला एक बदलण्याकडे जिभेचा कल असतो. ‘णोणी’ म्हणण्यापेक्षा ‘लोणी’ म्हणणं सोपं जातं. ‘निंब’चा ‘लिंब’ झाला तो याच वाटेनं. आपण कडुनिंबही म्हणतो आणि कडुलिंबही. उलटा प्रवासही मराठीत आहे: संस्कृतातल्या ‘लांगल’चा आपण ‘नांगर’ केला. ‘न’ आणि ‘ल’ यांची अशी अदलाबदल शेतकऱ्याच्या तोंडी रोजची आहे.

‘नव’ म्हणजे नवीन हे कळलं. ‘नीत’ म्हणजे काय?

‘नी’ म्हणजे नेणं, आणणं, काढणं. नवनीत म्हणजे नुकतंच काढून आणलेलं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘नवनीतं नवोद्धृतम्’ असा त्याचा अर्थ दिला आहे: नव्यानं वर काढलेलं ते नवनीत. रंग, चव, मऊपणा यातलं काहीही या नावात नाही. आत असलेली वस्तू बाहेर आली, आणि आत्ताच आली, एवढंच हे नाव सांगतं.

मराठी घरात बोलताना हा अर्थ अजून जिवंत आहे. ‘लोणी केलं’ असं आपल्याकडं कोणी म्हणत नाही. दूध तापवतात, दही लावतात किंवा विरजतात, ताक करतात, तूप कढवतात. लोणी मात्र ‘काढतात’. नाहीतर ते आपण होऊन ‘येतं’. सासूनं विचारावं, ‘‘आलं का गं लोणी?’’ आणि सुनेनं रवी न थांबवता सांगावं, ‘‘यायलंय, आत्याबाई.’’ हा संवाद मराठवाड्याच्या कुठल्याही जुन्या घरात ऐकू आला असता. त्या ‘काढणं’ आणि ‘येणं’मध्ये ‘नीत’ शाबूत आहे. संस्कृतचा गंध नसलेल्या बायकांनी या शब्दाचा मूळ अर्थ क्रियापदात सांभाळून ठेवला, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कोश रचणाऱ्यांनी अर्थ नोंदवला. तो चालता ठेवला घुसळणाऱ्या हातांनी.

कालच्या दुधाचं लोणी आणि आजचं लोणी यांना वेगळे शब्द होते का?

होते. संस्कृतात ‘हैयंगवीन’ असा एक शब्द आहे. ‘ह्यस्’ म्हणजे काल. काल काढलेल्या गाईच्या दुधापासून तयार झालेलं ताजं तूप किंवा लोणी म्हणजे हैयंगवीन. पाणिनीनं या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे. कालिदासाच्या रघुवंशात दिलीप राजा रथातून जाताना गवळीवाड्यांतले म्हातारे हैयंगवीन घेऊन त्याच्या भेटीला येतात. मराठीत हा शब्द उतरला नाही.

मग हिंदीत ‘माखन’ का म्हणतात?

तो वेगळ्या मुळाचा शब्द. संस्कृतात ‘म्रक्षण’ म्हणजे अंगाला स्निग्ध पदार्थ चोपडणं. त्याचं प्राकृतात ‘मक्खण’ झालं, आणि हिंदीत ‘माखन’, ‘मक्खन’. याच धातूपासूनचं एक क्रियापद आपण मराठीत रोज वापरतो: ‘माखणे’. पोरगं चिखलानं माखलं, हात तेलानं माखले, तेव्हा आपण ‘माखन’च्या सख्ख्या भावाला हाक मारत असतो. हिंदीनं वस्तूला नाव दिलं, मराठीनं कृती ठेवली.

‘तूप’ हा शब्द संस्कृत वाटत नाही. तो कुठला?

बरोबर, संस्कृतात त्याला ‘घृत’, ‘आज्य’, ‘सर्पिस्’ म्हणतात. ‘तूप’ आलं प्राकृतातल्या ‘तुप्प’ या शब्दापासून, आणि इथं मराठवाड्याच्या माणसानं जरा थांबून ऐकावं. हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत गाथांच्या संग्रहात हा शब्द येतो. हाल सातवाहन घराण्यातला, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. त्या गाथेत एका स्त्रीचा चेहरा रंग घातलेल्या तुपानं माखलेला आहे, आणि ‘माखलेली’ यासाठी शब्द आहे ‘तुप्प’. तूप या पदार्थासाठी त्याच ओळीत ‘घिअ’ हा दुसरा शब्द आहे. म्हणजे त्या काळी ‘तुप्प’ म्हणजे माखलेलं, स्निग्ध. पुढं ज्यानं माखायचं त्या पदार्थालाच हे नाव चिकटलं.

‘माखन’ आणि ‘तूप’ वेगवेगळ्या मुळांचे, पण दोघांचा अर्थ एकाच रस्त्यानं आला: चोपडण्याच्या कृतीवरून चोपडायच्या वस्तूकडं. पूर्वी लोणी-तूप खाण्याइतकंच अंगाला, केसांना, चेहऱ्याला लावायचं होतं, हे या दोन शब्दांवरून कळतं. थंडीत ओठ फुटले की लोणी लावायची आपली पद्धत त्यातलीच.

सीमेवरच्या गावांत कन्नड-तेलुगू बोलणारे काय म्हणतात?

उदगीर, निलंगा, उमरगा या भागांत कन्नड कानावर पडते. तिच्यात लोण्याला ‘बेण्णे’ म्हणतात. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं तेलुगू, तिच्यात ‘वेन्न’. तमिळमध्ये ‘वेण्णेय्’. तिन्ही एकाच मुळाचे, आणि तमिळ रूपात जोड उघड दिसतो: ‘वेण्’ म्हणजे पांढरं आणि ‘नेय्’ म्हणजे तूप, स्निग्ध पदार्थ. पांढरं तूप ते लोणी.

तुपाला तेलुगूत ‘नेय्यि’ म्हणतात, पण कन्नडात ‘तुप्प’. म्हणजे पैठणच्या प्राकृतातला शब्द उमरग्याच्या बाजारात आजही जवळजवळ तसाच ऐकायला मिळतो. मधाला कन्नडात ‘जेनुतुप्प’ म्हणतात, माशीचं तूप म्हणा हवं तर.

हे शब्द शेजारी शेजारी ठेवले की एक गंमत दिसते. एकाच गोळ्याकडं बघताना दक्षिणेकडच्या भाषांनी रंग पाहिला, हिंदीनं चोपडणं पाहिलं, आपण त्याचं ताजं बाहेर येणं पाहिलं. इंग्रजी ‘बटर’ ग्रीकमधून आलं, आणि त्याच्या मुळाशी गाय आणि चीज हे दोन शब्द आहेत.

‘मस्का’ मराठी आहे का?

मूळ फारसी. फारसीत ‘मस्का’ म्हणजे लोणीच. मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथली सरकारी भाषा आधी फारसी, मग उर्दू होती. दख्खनी बोली तर गल्लीबोळात होतीच. आज ‘मस्का’ पावाबरोबर येतो, नाहीतर साहेबाला लावायला.

ताक, मठ्ठा, छाछ: फरक काय?

‘ताक’ आलं ‘तक्र’पासून, मधे प्राकृत ‘तक्क’. अमरकोशात पाण्याच्या प्रमाणावरून तीन नावं दिली आहेत. पाव हिस्सा पाणी घातलेलं ते तक्र, निम्मं पाणी घातलेलं ते उदश्वित्, आणि पाणी न घालता घुसळलेलं ते मथित. आता पाणी कितीही असलं तरी आपण ताकच म्हणतो. पंगतीत आलं-मिरची-कोथिंबीर लावून वाढलेलं असलं की मठ्ठा. ‘छाछ’ हिंदीकडचा शब्द.

ताक घुसळायची ‘रवी’ आणि सूर्य ‘रवी’, यांचा काही संबंध आहे का?

नाही. मराठीच्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटची ‘ई’ दीर्घ लिहायची, म्हणून संस्कृतातला ऱ्हस्व ‘रवि’ही आपण ‘रवी’ लिहितो आणि दोन्ही शब्द कागदावर सारखे दिसतात. लिंगावरून ओळखा: तो रवी आकाशात, ती रवी डेऱ्यात. ताकाच्या रवीचे नातेवाईक हिंदीत ‘रई’ आणि गुजरातीत ‘रवैयो’ असे आहेत.

संस्कृतात रवीला ‘मंथ’, ‘मंथान’, ‘मंथदंड’ म्हणतात. अमरकोशात आणखी एक नाव आहे: ‘वैशाख’. समुद्रमंथनाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती एकदा घरातल्या घुसळणीच्या नजरेनं वाचून बघा. मंदार पर्वताची रवी, वासुकी नागाची दोरी, खाली बूड टेकवायला कासव, आणि दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढणारे देव-दानव. ही कथा ज्यांनी रचली त्यांच्या घरात रोज पहाटे ताक होत होतं, याबद्दल मला शंका नाही.

डेऱ्याला जुना शब्द कोणता?

संस्कृतात घुसळायच्या मडक्याला ‘मंथनी’ आणि ‘गर्गरी’ म्हणत. घुसळताना होणारा गर्र-गर्र आवाज या ‘गर्गरी’त ऐकू येतो. हिंदीतली ‘गागर’ आणि आपली ‘घागर’ याच घराण्यातल्या मानल्या जातात. आज घागरीत पाणी असतं. घुसळायचं मोठं मातीचं भांडं म्हणजे डेरा, आणि दुधादह्याची भांडी मांजरापासून सांभाळायला टांगतात ते शिंकं.

लोणी, लोणचं आणि लोणार: तिन्हींत ‘लोण’ आहे. मूळ एकच का?

नाही. लोणचं आणि लोणार हे ‘लवण’वरून, म्हणजे मिठावरून आले. मीठ घालून टिकवलेलं ते लोणचं. जालन्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं सरोवर खारं. लोणी ‘नवनीत’वरून. दोन वेगळे ओढे एका जागी येऊन सारखे दिसायला लागले, एवढंच.

लोणी ‘येतं’ म्हणजे आत नेमकं काय होतं?

दुधातली चरबी अगदी बारीक थेंबांच्या रूपात असते, आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असतं. या आवरणामुळं थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. रवी फिरली की थेंब आपटतात, आवरणं फाटतात, चरबी एकमेकीला धरते. आधी कणी दिसते, मग कणीला कणी लागून गोळा होतो. बाहेर राहतं ते ताक.

यात सगळा खेळ तापमानाचा आहे. चरबी अर्धी घट्ट, अर्धी मऊ असली तरच थेंब नीट चिकटतात. फार गार असेल तर ते टणक राहतात आणि नुसते आपटत बसतात. फार गरम असेल तर चरबी तेलासारखी पातळ होते आणि लोणी हाताला येतच नाही. मोठ्या डेअरीत साय घुसळताना ती साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून घुसळण पहाटेची, ऊन वर यायच्या आत. म्हणून उन्हाळ्यात डेऱ्यात माठातलं गार पाणी घालायचं आणि थंडीत कोमट. थर्मामीटर नसलेल्या स्वयंपाकघरात हे ज्ञान बोटांत होतं. दह्यात करंगळी बुडवून ‘अजून गार पाणी घाल’ असं सांगणारी बाई नेमकं तापमानच मोजत होती.

आवाजावरूनही कळतं. सुरुवातीला रवी जड फिरते आणि आवाज दबका असतो. लोणी सुटायच्या वेळी रवी एकदम हलकी होते, ताक पाण्यासारखं खळखळतं, आणि रवीच्या पाकळ्यांना पिवळसर-पांढरी कणी लागलेली दिसते. मग रवी हळू फिरवायची. त्या वेळी जोर लावला तर जमलेलं पुन्हा फुटतं. गोळा हातावर घेऊन गार पाण्यात दोन-तीनदा धुवायचा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. आत ताक राहिलं तर लोणी लवकर आंबतं. आंबट वास धरलेलं लोणी कढवलं की तुपालाही तो वास लागतो.

लोणी कधी पांढरं, कधी पिवळं का?

चाऱ्यातलं कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य गाईच्या दुधात उतरतं, म्हणून गाईचं लोणी पिवळसर. म्हैस त्या कॅरोटीनचं ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, साधारण ६ ते ८ टक्के, गाईच्या दुधात ४च्या आसपास. त्यामुळं त्याच भांडंभर दुधातून म्हशीचं लोणी जास्त निघतं. मराठवाड्याच्या गाईंपैकी देवणी दूध आणि बैल अशा दोन्हींसाठी, तर लाल कंधारी मुख्यतः कष्टाच्या बैलांसाठी नावाजलेली. इथल्या दुभत्याचा भार बराचसा मराठवाडी म्हशीनं वाहिला.

बेरी म्हणजे काय?

लोणी कढवलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि तळाशी दुधाचा जो अंश करपूस तांबूस होऊन बसतो, ती बेरी. लोणी तडतडतं तोवर आत पाणी आहे असं समजायचं. आवाज थांबला, वास खमंग झाला की लगेच उतरवायचं. काही घरांत शेवटी विड्याचं पान किंवा लवंग टाकतात. बेरीत साखर घालून लेकरांना द्यायची रीत आहे, आणि बेरीवरून होणारी भांडणंही मोठी असतात.

संतांनी हा शब्द कसा वापरला?

दोन्ही रूपांत. पैठणजवळच्या आपेगावच्या कुळकर्ण्यांच्या घरात जन्मलेल्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या पहिल्याच अध्यायात गीता म्हणजे व्यासांच्या बुद्धीनं शब्दब्रह्माचा समुद्र घुसळून काढलेलं नवनीत, असं येतं. पुढच्याच ओवीत ते नवनीत ज्ञानाच्या अग्नीवर विवेकानं कढवलं जातं आणि त्याला सुगंध सुटतो. घुसळणं, काढणं, कढवणं, वास सुटणं: स्वयंपाकघरातला क्रम त्यांनी जराही चुकवलेला नाही. तुकोबांनी सज्जनाचं चित्त आतबाहेर मऊ असलेल्या नवनीतासारखं म्हटलं. पैठणच्या एकनाथांच्या गौळणींत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची वाट अडवणारा कृष्ण आहे.

१८५४ साली परशुराम तात्या गोडबोले यांनी निवडक मराठी कवितांचा संग्रह काढला, त्याचं नाव ‘नवनीत’च ठेवलं. तोवर रोजच्या बोलण्यात ‘लोणी’ खायचं आणि ग्रंथांत ‘नवनीत’ म्हणजे सार, अशी कामाची वाटणी झाली होती.

‘टाळूवरचं लोणी खाणं’ म्हणजे काय?

आधीच नाडलेल्या माणसाच्या वाट्याचंही ओरबाडणं. पूर्ण रूप ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं’ असं आहे. दुष्काळाच्या मदतीतले पैसे खाणाऱ्याला आपल्याकडं हाच वाक्प्रचार लावतात, आणि तो योग्यच आहे.

ताकाच्या म्हणी याहून पुष्कळ: ‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’, ‘दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात’, ‘ताकापुरती आजीबाई’. लोणी काढून घेतल्यावर उरलेलं ताक शेजाऱ्यांना फुकट द्यायची पद्धत होती, भांडं घेऊन दारात येणं नेहमीचं होतं. म्हणून म्हणीही ताकाच्या जास्त.

‘लोणीचा गोळा’ बरोबर की ‘लोण्याचा गोळा’?

लोण्याचा. ‘ते लोणी’ नपुंसकलिंगी आहे, आणि प्रत्यय लागताना त्याचं ‘लोण्या’ होतं: लोण्याचा, लोण्यात, लोण्यानं. पाणी-पाण्याचा तसंच. पाकिटांवर आणि जाहिरातींत ‘लोणीचा स्वाद’ छापलेलं दिसतं, ते चूक आहे. एका अक्षराची चूक म्हणून सोडून देऊ नका. दुकानदाराला, कंपनीला कळवा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून हे शब्द टिपून घ्यायचे तर काय विचारावं?

‘लोण्याला जुना शब्द काय?’ असं विचारलं तर ती गप्प बसतील. काम विचारा. डेरा कुठं ठेवायचात, रवी कशाला बांधायचात, त्या दोरीला काय म्हणायचात, दोरी घासून तुटली तर काय करायचात. विरजण कमी पडलं तर कुणाकडं जायचात आणि मागताना काय म्हणायचात. लोणी येईना तेव्हा काय करायचात. पहिल्या वेताच्या गाईचं लोणी देवाला ठेवायचात का, कुठल्या देवाला. घुसळताना काही म्हणायचात का. जमलं तर रवी हातात द्या आणि मगच विचारा. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, शब्द जसा उच्चारला तसाच लिहा, पुस्तकी मराठीत बदलू नका. बोलणाऱ्या बाईचं माहेर कुठलं तेही लिहा. औसा-निलंग्याकडची सून भोकरदनला नांदायला आली असेल तर तिचे शब्द दोन्हीकडचे असतील.